समोरचा ड्रॉ का मागतोय?

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की राज्यभर बुद्धिबळाच्या ओपन रेटिंग स्पर्धा भरतात आणि दर वेळी तोच वाद नव्यानं पेटतो. कुणाच्या तरी पोरानं सोळाव्या-सतराव्या चालीला ड्रॉ, म्हणजे दोघांच्या संमतीनं बरोबरी, घेतलेला असतो, बापानं हॉलबाहेर उभं राहून स्कोअरशीटवरचा डाव मोबाइलमधल्या स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनला दाखवलेला असतो, तिथं प्लस एक पॉइंट चार, म्हणजे पोराची बाजू चांगलीच वरचढ, दिसत असतं, की झालं सुरू. एक पार्टी म्हणते ही पिढीच भित्री आहे, लढायचंच नाही कुणाला, सरळ नियम करा की तीस चालींच्या आत ड्रॉ नाही. दुसरी पार्टी म्हणते हातात आलेला हाफ पॉइंट सोडायला काय वेड लागलंय, प्रोफेशनल लोक हेच करतात, जगज्जेता असताना कार्लसननंसुद्धा केलं. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात आणि गंमत म्हणजे पटावर काय होतं याबद्दल कुणीच बोलत नाही. एकाला पोराची छाती मोजायचीय, दुसऱ्याला पॉइंट.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हौशी खेळाडूनं पटावर खेळण्यासारखं काही शिल्लक आहे तोवर ड्रॉ घेऊ नये. याचा शौर्याशी काडीचा संबंध नाही आणि त्यासाठी नियम करायची तर अजिबात गरज नाही. आपल्या लेव्हलला 'बरोबरीची पोझिशन' फार वेळ बरोबरीची राहत नाही हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते असं की ऑफर देताना समोरचा नकळत स्वतःबद्दल काहीतरी सांगून जातो, आणि ते न ऐकताच आपण हात मिळवून मोकळे होतो.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरंच तगडा आहे. समजा १५०० रेटिंगचं (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) पोरगं १७०० वाल्याशी खेळतंय. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, तक्त्याप्रमाणे दोनशेच्या फरकाला कमी रेटिंगवाल्याची अपेक्षा ०.२४ पॉइंटची. अठरा वर्षांखालच्या मुलांना (रेटिंग २३०० च्या आत असेल तर) के फॅक्टर (मिळालेला गुण आणि अपेक्षा यांतला फरक ज्यानं गुणायचा तो आकडा) ४०, म्हणजे जिंकलं तर ३०.४ पॉइंट वाढणार, ड्रॉ केला तर १०.४ वाढणार, हरलं तर ९.६ जाणार. ड्रॉपासून वर वीस, ड्रॉपासून खाली वीस. म्हणजे पोझिशन समसमान असली आणि समोरचा खरोखरच आपल्यापेक्षा चांगला खेळणारा असला, तर पुढं खेळून हरायची शक्यता जिंकण्यापेक्षा जास्त, मग शुद्ध हिशेबानं ड्रॉ घेणंच शहाणपणाचं. त्यात मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर गेलीय, त्याच्या खाली घसरलं की रेटिंगच जातं, म्हणून काठावरच्या मुलांचे आईबाप प्रत्येक पॉइंटला जीव टाकतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. हे गणित चूक आहे असं मी म्हणत नाही.

पण हेच गणित जरा समोरच्या खुर्चीत बसून करा की! तो १७०० वाला आहे, त्याची अपेक्षा ०.७६ ची आहे, ड्रॉ झाला तर त्याचे पॉइंट जाणार आहेत हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीय. तरी तो ड्रॉ मागतोय. तोट्याचा सौदा माणूस स्वतःहून कधी पुढं करतो? एक तर त्याला पटावर तुम्हाला न दिसलेलं काहीतरी दिसलंय आणि ते त्याच्या फायद्याचं नाही. किंवा त्याच्या घड्याळात सहा मिनिटं उरलीत. किंवा त्याचं डोकं दुखतंय, रात्रीची गाडी पकडायचीय, सकाळच्या राउंडला लढून हरलाय आणि आता खेळायची इच्छाच नाही. या सगळ्यांत तुमच्यासाठी वाईट बातमी कुठली आहे सांगा बरं? ०.२४ हा आकडा डाव सुरू व्हायच्या आधीचा, पेअरिंग लिस्ट (कोण कुणाशी खेळणार ती यादी) बघून काढलेला. सतरा चाली झाल्यावर, त्यातून समोरच्याच्या तोंडून 'ड्रॉ?' आल्यावर, तो आकडा तसाच धरून बसणं म्हणजे पावसात उभं राहून सकाळचा हवामान अंदाज वाचण्यासारखं आहे. अनेक कोच मुलांना राउंडच्या आधीच सांगून ठेवतात, टॉप सीडनं (रेटिंगनं वरच्या खेळाडूनं) ऑफर दिली तर लगेच घे. मला हा सल्ला उलटा वाटतो. टॉप सीडनं ऑफर दिली तर आधी पाच मिनिटं पट बघ, त्याला काय टोचतंय ते शोध.

आणि ही पाच मिनिटं नियमानं आपलीच असतात, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. ऑफर द्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी पटावर चाल करायची, मग ऑफर द्यायची, मग घड्याळ दाबायचं. दिलेली ऑफर मागं घेता येत नाही. तुम्ही तोंडानं नाही म्हणेपर्यंत किंवा चाल करायच्या इराद्यानं मोहऱ्याला हात लावेपर्यंत ती उभी असते, स्कोअरशीटवर बरोबरचं चिन्ह करून तिची नोंदसुद्धा करायची असते. म्हणजे समोरच्याची चाल पटावर झालेली, तो अडकलेला, वेळ तुमचा. यापेक्षा सोयीची जागा डावात दुसरी मिळत नाही. प्रत्यक्षात काय होतं? पटावरून हात पुढं येतो आणि दहा सेकंदांत आपला हात त्यात जातो, कारण पुढं आलेला हात तसाच ठेवणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. त्यात समोर पन्नाशीचे काका असतील आणि इकडं अकरा वर्षांची पोरगी असेल तर विचारूच नका. काका चष्म्यावरून बघत प्रेमानं म्हणतात, 'काय बाळा, ड्रॉ करायचा?' आणि बाळाचा उंट मस्त कर्णावर बसलेला असतो, काकांचा राजा कॅसलिंग न करता मध्येच अडकलेला असतो, पण मोठ्यांना नाही म्हणायचं नाही हे घरात शिकवलेलं असतं. मान डोलते. काका लबाड असतात असं नाही, पुष्कळदा त्यांना खरंच वाटतं आपण पोरीला हाफ पॉइंट दिला. मला विचाराल तर मुलांना सिसिलियन ओपनिंगच्या दहा चाली पाठ करून घ्यायच्या आधी एक वाक्य पाठ करून घ्यावं, 'नाही काका, खेळूया.' यात उद्धट काही नाही. आणि नाही म्हटल्यावर काका दर दोन चालींनी परत विचारायला लागले तर घड्याळ थांबवून आर्बिटरला (पंचाला) हाक मारायची. उगाच पुन्हा पुन्हा ऑफर देऊन समोरच्याला त्रास देणं नियमात बसत नाही.

आता बरोबरीच्या पोझिशनबद्दल. इंजिन आल्यापासून एक नवीन रोग आलाय, शून्य पॉइंट शून्य शून्यचा. डाव झाल्यावर ग्राफ बघायचा, तिथं रेष मध्यावर असली की 'ड्रॉच होता रे' म्हणून समाधान करून घ्यायचं. अहो, इंजिनचं शून्य म्हणजे दोन्हीकडून अचूक खेळलं तर शून्य. दोन्हीकडून अचूक खेळणारी माणसं पंधराशेच्या बोर्डावर कुठून आणायची? साधं हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध हत्ती घ्या. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत आहे, हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या रांकेवर (आडव्या ओळीवर) ठेवायचा, प्यादं त्या रांकेवर आलं की हत्ती पार मागं नेऊन शह देत बसायचं, फिलिडोरच्या काळापासून माहिती असलेला ड्रॉ. पुस्तकात दोन ओळींचा विषय. पण ज्याला तो माहिती नाही तो हत्ती आपल्या राजाशेजारी पहिल्या रांकेवर चिकटवून ठेवतो आणि बऱ्याचदा हरतो. तीच पोझिशन, तेच शून्य, एकाला ड्रॉ आणि एकाला हार. मग 'पोझिशन ड्रॉ आहे' या म्हणण्याला काय अर्थ राहिला? प्रश्न एवढाच, की आपल्या दोघांपैकी इथून चूक कोण जास्त करेल. समोरचा करेल असं वाटत असेल तर खेळा. आपण करू असं वाटत असेल, तरीसुद्धा बहुतेक वेळा खेळा, कारण नेमकी तीच गोष्ट शिकायची राहिलीय हे तुम्हाला आत्ता कळलंय, आणि एन्ट्री फी भरलेल्या चार तासांच्या गंभीर डावापेक्षा ती शिकायला चांगली जागा नाही. ऑनलाइन तीन मिनिटांच्या डावात हत्तीचा एंडगेम कुणी शिकलेला माझ्या तरी बघण्यात नाही.

हे फक्त आपल्यासारख्यांना लागू आहे असंही नाही. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या मॅचचा चौदावा डाव. स्कोर साडेसहा-साडेसहा. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. सगळे म्हणत होते ड्रॉ आहे, उद्या रॅपिडचे (कमी वेळाच्या डावांचे) टायब्रेक. इंजिनही तेच म्हणत होतं. गुकेश नुसता बसून खेळत राहिला, आणि पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्तींची मारामारी होऊ दिली, त्याचा उंट कोपऱ्यात होता, उंटांचीही मारामारी झाली, उरला प्याद्यांचा एंडगेम आणि तो डिंगसाठी हरलेला होता. जगज्जेत्याच्या हातून ड्रॉ पोझिशन सुटते, मग शनिवारी दुसऱ्या राउंडला दमलेल्या तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून का नाही सुटणार? त्याच मॅचच्या सहाव्या डावात गुकेशनं चाली रिपीट करायचं (तीच पोझिशन तीनदा आली की ड्रॉ मिळतो) नाकारलं होतं, तेही पोझिशन थोडी वाईट असताना, आणि तेव्हा भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या होत्या. तो डाव शेवटी ड्रॉच झाला हेही सांगायला पाहिजे. खेळत राहिलं की जिंकतोच असं काही नाही.

'कार्लसननं केलं' हा मुद्दा राहिला. २०१८, लंडन, जगज्जेतेपदाच्या मॅचमधला कारुआनाविरुद्धचा बारावा डाव. आधीचे अकरा ड्रॉ, बाराव्यात कार्लसनची पोझिशन चांगली, घड्याळात वेळही जास्त, आणि त्यानं एकतिसाव्या चालीला ड्रॉ ऑफर केला. कास्पारोवसकट अनेकांनी टीका केली. पण कार्लसनचा हिशेब स्पष्ट होता, पुढं रॅपिड आहे आणि रॅपिडमध्ये मी याच्यापेक्षा खूप वरचढ आहे. झालंही तसंच, ३-० नं जिंकला. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा फायनलचे हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव ड्रॉच होते, निकाल रॅपिडमध्ये लागला. मॅचमध्ये, नॉकआउटमध्ये ड्रॉ हा डावपेच असतो कारण त्याच्या पुढं काहीतरी ठेवलेलं असतं. तुमच्या नऊ राउंडच्या स्विसमध्ये (जिथं हरलं तरी कुणी बाद होत नाही) चौथ्या राउंडच्या ड्रॉपुढं काय ठेवलंय? पाचवा राउंड, दुसरंच कुणीतरी समोर. कार्लसनचं नाव घ्यायचं तर कार्लसनचं कारणही जवळ पाहिजे.

शिवाय प्रोफेशनल लोकांना ड्रॉ दर वेळी पावतो असंही कुठं आहे. २००४ साली ब्रिसागोला जगज्जेत्या क्रामनिकविरुद्धच्या मॅचमध्ये लेको एका पॉइंटनं पुढं होता, बाराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी त्याची पोझिशन चांगली असताना त्यानं ड्रॉवर भागवलं, चौदाव्यात क्रामनिकनं जिंकून ७-७ केलं आणि नियमाप्रमाणे किताब आपल्याकडंच ठेवला. १९८४ मध्ये जगज्जेता कार्पोव कास्पारोवविरुद्ध नऊ डावांनंतर चार-शून्य पुढं होता. सहा विजय हवे होते. मग कास्पारोव ड्रॉमागून ड्रॉ करत बसला, सलग सतरा, आणि मॅच फेब्रुवारी १९८५ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या डावानंतर थांबवली तेव्हा स्कोर होता पाच-तीन. यातनं दोन्ही पार्ट्यांनी काहीतरी घ्यावं. ज्याला ड्रॉ म्हणजे भित्रेपणा वाटतो त्यानं बघावं की चार-शून्य मागं पडलेल्या एकवीस वर्षांच्या पोरानं ड्रॉच्या आडोशानं जीव वाचवला, त्याला भित्रा म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि ज्याला हाफ पॉइंट म्हणजे लक्ष्मी वाटते त्यानं कार्पोवकडं बघावं.

आपल्या जुन्या देशी खेळात तर बरोबरीला केवढा मान होता. समोरच्याचं सगळं सैन्य मारून राजा एकटा पाडलात की बुर्जी, डाव बरोबरीत! जिंकत आलेल्यानं हावरटपणा केला तर विजय हातचा जायचा आणि हरणाऱ्याला शेवटपर्यंत जीव वाचवायला वाव असायचा. पोझिशन वाईट असताना झगडून काढलेला ड्रॉ मला आजही अर्ध्याहून जास्त जिंकल्यासारखा वाटतो. तेव्हा ऑफर आली तर दोन्ही हातांनी घ्यावी, तिथं माझं कुठलंच तत्त्वज्ञान नाही. तुमच्या घड्याळात दोन मिनिटं आणि समोर चाळीस असतील तरी तेच. साठीच्या माणसाला दिवसातला दुसरा डाव खेळताना पाठ धरली, घ्या ड्रॉ, चहा प्या, हौशी खेळतोय आपण. नव्वद मिनिटं अधिक चालीला तीस सेकंद अशा टाइम कंट्रोलला दिवसाला दोन डाव म्हणजे सात-आठ तासांची बैठक होते, थकवा खोटा नसतो. फक्त थकलो म्हणून घेतला तर थकलो म्हणून घेतला असं म्हणावं, घरी येऊन 'पोझिशन डेड होती' असं सांगू नये. चौदा मोहरी पटावर, वजीर जिवंत, आणि म्हणे डेड.

आता ते नियमवाले. तीस चालींचा नियम ही काही आजची आयडिया नाही. फिडेच्या १९२९ च्या नियमांत तीस चालींआधी संमतीनं ड्रॉ चालत नव्हता, १९५२ च्या नव्या नियमांत ते काढून टाकलं. मग १९६२ ला कुरासावच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) पेट्रोशियन, गेलर आणि केरेस हे तिघं सोव्हिएत खेळाडू आपसातले बाराच्या बारा डाव ड्रॉ करून मोकळे झाले, फिशरनं जाहीर आरोप केला की हे संगनमत आहे, आणि फिडेनं तीस चालींचा नियम परत आणला. काय झालं? खेळाडूंनी तो धाब्यावर बसवला, नाहीतर त्याच त्याच चाली तीनदा रिपीट करून ड्रॉ काढला, आर्बिटरांनाही तो राबवणं जमलं नाही, आणि १९६४ मध्ये नियम गेला. २००५ मध्ये सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंनी एकमेकांना ऑफरच द्यायची नाही असं ठरलं, तिथंही रिपिटिशनची वाट उघडीच राहिली, कारण ती बंद करायची तर खेळच बदलावा लागेल. जिथं जगातले सगळ्यात कडक आर्बिटर हात टेकतात तिथं आपण शाळेच्या हॉलमध्ये दीडशे बोर्डांवर दोन-तीन आर्बिटर घेऊन काय करणार? दोन पोरं हत्ती इकडून तिकडं, तिकडून इकडं करत एकतिसाव्या चालीची वाट बघतील, बस. फिडे आयोजकांना असा नियम करायची मुभा देते हे खरं, पण मुभा आहे म्हणून करायलाच हवं का? आणि नियमाचा सगळ्यात वाईट परिणाम मला हा दिसतो, की तीस चाली झाल्या की ड्रॉ आपोआप सोवळ्यात येतो. एकतिसाव्या चालीला एक प्यादं वर असताना ड्रॉ घेतला तर मग कुणी विचारणार नाही.

खरी लबाडी वेगळी आहे आणि तिच्यासाठी नियम आधीपासूनच आहेत. डाव सुरू व्हायच्या आधीच जिन्यात उभं राहून ठरवलेला ड्रॉ ही फसवणूक, तिथं चाली तेरा होवोत की त्रेचाळीस. डिसेंबर २०२३ ला समरकंदच्या वर्ल्ड ब्लिट्झमध्ये (अतिजलद डावांच्या जागतिक स्पर्धेत) नेपोम्नियाची आणि दुबोव यांनी नुसते घोडे नाचवत ड्रॉ केला, आर्बिटरनं दोघांनाही शून्य दिलं. संपला विषय. त्याला चालींचा आकडा लागला नाही.

शेवटच्या राउंडबद्दल मात्र माझं मत मवाळ आहे. तिथं ड्रॉ घेण्यामागं खरं कारण असू शकतं, कारण रेटिंगचं गणित सरळ रेषेत चालतं पण बक्षिसाचं तसं चालत नाही. समजा आठ राउंडनंतर साडेसहा आहेत, ड्रॉ केला तर सात होऊन पहिल्या दहात नाव, हरलं तर साडेसहावरच आणि हातात सर्टिफिकेट. पैसे लागतात हो लोकांना, लांबून एसटीनं येऊन लॉजवर राहिलेल्याला चार हजारांचं बक्षीस म्हणजे स्पर्धेचा खर्च निघाला. अशा वेळी पट चांगला असूनही कुणी ड्रॉ घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण इथंही बहुतेक जण अंदाजानं घेतात. बक्षीस समान गुणांवाल्यांत वाटून देणार की टायब्रेकवर ठरणार? टायब्रेक असेल तर आधी काय बघणार, आपापसातला डाव की बुकोल्झ (आपल्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज)? सुरुवातीचा एखादा राउंड हरून वर आलेल्याचा बुकोल्झ बऱ्याचदा कमी असतो, त्याचे सात आणि पहिल्यापासून वरच्या बोर्डावर खेळलेल्याचे सात यांत चौथा आणि सतरावा एवढं अंतर पडू शकतं, म्हणजे ज्या बक्षिसासाठी ड्रॉ घेतला ते मिळतच नाही आणि बक्षीस समारंभात तोंड पडतं. हे गणित डाव सुरू व्हायच्या आधी, शांतपणे, कागदावर करायचं असतं, आणि त्यासाठी आठव्या राउंडनंतरची क्रमवारी टायब्रेकच्या रकान्यांसकट आणि बक्षिसांची पूर्ण यादी अटींसकट वेळेवर हातात पडावी लागते. पुष्कळ ठिकाणी नववा राउंड सुरू होताना नुसती पेअरिंग लागते, बाकीचं विचारायला गेलं की 'नंतर सांगतो' म्हणतात. आयोजकांना खरंच काही करायचं असेल तर ती प्रिंट शेवटच्या राउंडच्या अर्धा तास आधी भिंतीवर लावावी.